पानाशिवाय फुललेला कांदा

आज ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या किनाऱ्यावर, सप्टेंबरच्या उन्हात करपलेल्या खडकांत, छातीएवढा उंच पांढऱ्या फुलांचा दांडा एकटाच उभा दिसला. पान एकही नाही! खालची फुलं सुकलेली, मधली टवटवीत, शेंड्याच्या कळ्या अजून मिटलेल्या. मधमाश्या नुसत्या तुटून पडल्या होत्या. वाकून पाहिलं तर बुडाशी नारळाएवढा कांदा, अर्धा मातीबाहेर. हा समुद्रकांदा, आपल्या कोकणातल्या कोळकांद्याचा चुलतभाऊच. विषारी आहे, म्हणून शेळ्याही तोंड लावत नाहीत. उपटून ठेवला तरी याला पानं फुटतात, म्हणून इथले लोक नववर्षाला तो दारात टांगतात. मला एकदम आमच्या दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण आठवलं. बराच वेळ तिथेच बसून राहिले. ऊन उतरलं, खडक मात्र अजून गरम होता.