"बाई, कुर्लेक इंग्लिशीत काय म्हणतत?"

डीएलएडच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायचा कोर्स करणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवते, मालवणच्या बाजूला. गेल्या आठवड्यात किनाऱ्यालगतच्या एका झेडपी शाळेत सराव पाठ होते. तिसरीवर इंग्रजीचा पाठ घेणारी मुलगी हुशार, टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) सराव पेपरला इंग्रजीत 30 पैकी 25-26 ठरलेले, पण बोलायची वेळ आली की घसा बसतो. टाचण पाठ करून आलेली, ॲपल-ऑरेंजची चित्रं दाखवत होती आणि आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. मी निरीक्षण वहीत लिहून टाकलं, बोलण्याचा सराव कमी.

तेवढ्यात मागून एक पोरगा उठला आणि त्याने कुर्लेचं विचारलं.

वर्ग हसला. मला वाटलं आता ही रडते, पण तिने चित्रं ठेवली, खडू घेतला आणि फळ्यावर ही मोठी कुर्ली काढली, नांग्यांसकट, खाली लिहिलं क्रॅब. "हाऊ मेनी लेग्ज?" पोरं ओरडली एट, ती म्हणाली नो नो, काऊंट अगेन, नांगे पण धरा रे, टेन! मग बांगडो आला, सुंगटां आली, मॅकरेल, प्रॉन्स, मधेच मालवणी मधेच इंग्रजी, एकदोनदा व्याकरण घसरलं तरी तिला पत्ता नाही.

सुट्टीत व्हरांड्यात म्हणाली, "मॅडम, नववीत वाचताना सर माझ्या उच्चारांना हसलेले, तेव्हापासून इंग्रजी मार्कांपुरतीच. आज बाबांच्या जाळ्यातलीच मासळी होती फळ्यावर, मग घाबरायचं कशाला?"

मी वर्गात गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचं काम शिकवते, 1959 सालचा मॉन्ट्रियलमधला अभ्यास, फ्रेंच शिकणाऱ्या मुलांमध्ये भाषेची उपजत कुवत वेगळी आणि ओढ, दृष्टिकोन वेगळा, दोन्हींचा निकालावर स्वतंत्र परिणाम. त्या भाषेच्या लोकांत मिसळावंसं वाटणं ही त्यातली ओढ. मग यास्मीन लुकमानींनी 1972 मध्ये मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या शाळकरी मुलींवर काम केलं, तिथे उलट निघालं, नोकरी-शिक्षणासाठी इंग्रजी हवी वाटणाऱ्या मुलींची इंग्रजी चांगली. ते मला नेहमी आपलं वाटायचं, म्हणून मी मुलांना टीईटी टीईटीच करत राहिले. पण या पोरीला नोकरी हवीच होती की, मार्कही होते, तरी ती बोलत नव्हती. तिच्या मनात इंग्रजीबद्दल काय बसलंय हे दीड वर्षात मी एकदाही विचारलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

वहीतला शेरा खोडला. संध्याकाळी तिचा मेसेज, उद्याच्या पाठाला टोपलीतून खरे बांगडे आणले तर चालेल का. मी लगेच हो म्हटलं.