हिवरे बाजारला एसटीने

पाणी अडवून सावरलेलं गाव म्हणून ओळखलं जाणारं हिवरे बाजार नगरहून जेमतेम 17 किलोमीटर. (जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण तोंडात नगरच बसलंय.) पुण्याहून नगर 120 किलोमीटर, रेल्वेने आलात तर दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन. इथवर सगळं सोपं. खरा प्रवास शेवटच्या 17 किलोमीटरचा.

निघण्याआधी जनगणनेची जिल्हा पुस्तिका चाळली होती. गावाला बस आहे की नाही, नसेल तर पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की दहाच्या पुढे, एवढंच त्यात कळतं. फेऱ्या किती, शेवटची गाडी कधी, याला रकानाच नाही. शिवाय आकडे 2011 चे, कारण 2021 ची मोजणी झालीच नाही.

थेट गावात जाणारी सकाळची गाडी मी चुकवली. मिसळीवर दुसरा पाव मागवला, तिथंच घोळ झाला. मग कल्याण रोडच्या गाडीने जखणगाव गाठलं. शेजारच्या मावशींनी कंडक्टरकडे ‘एक हाफ’ मागितलं आणि माझ्या फुल तिकिटाकडे बघून हसल्या. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना फुकट. आधारकार्ड मात्र जवळ ठेवा. जखणगावला उतरून पुढे एका दुचाकीवाल्या दादांनी गावात सोडलं. मागच्या सीटवर माझ्या मांडीला रिकामी दुधाची किटली खडखडत होती.

ती किटली म्हणजे या गावाची वाहतूकच. नव्वदच्या दशकात इथून दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध बाहेर जायचं, नंतर ते चार हजारांवर गेल्याचं सांगतात. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तेव्हाही आणि आताही. पूर्वी इथून माणसंच बाहेर जायची, मजुरीला, मुंबई-पुण्याला. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर सलग समतल चर (पावसाचं पाणी अडून मुरावं म्हणून उताराला आडवे, एका पातळीत काढलेले) खोदले, बंधारे बांधले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली. शेतीला बोअरचं पाणी नाही, ऊस नाही. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि पिकं त्या हिशेबाने घ्यायची. 1995 मध्ये 168 कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, 2010 पर्यंत तीन उरली. गेलेली कितीतरी घरं परत आली. लोकसंख्या तेराशेच्या आतबाहेर, म्हणजे तसं छोटंच गाव. पण त्या आकड्यात एकदा गाव सोडून पुन्हा आलेली माणसं आहेत, हे पुस्तिकेत दिसत नाही. वर्तमानपत्रं याला ‘करोडपतींचं गाव’ म्हणतात. मला तो मथळा जरा उथळ वाटतो.

जाणार असाल तर हिरवळीसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर बरा. पण पाण्याचं काम समजून घ्यायचं असेल तर एप्रिल-मेमध्येच जा, विहिरीत डोकावून बघा. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, खाणं नगरलाच उरका. गावात हॉटेल शोधत फिरू नका. तंबाखू-गुटखा खिशात असेल तर नगरलाच टाका. दहा-वीस जणांचा गट असेल तर ग्रामपंचायतीला आधी कळवा. लोक बोलतात, पण त्यांची कामाची वेळ असते. चरांपर्यंत चढायचं तर चप्पल नको, बूट हवेत. मुरमावरून मी दोनदा घसरलो.

अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धीही त्याच दिवशी उरकायचा मोह होतो. स्वतःची गाडी असेल तर करा. राळेगण पुणे रोडच्या बाजूला, वाडेगव्हाण फाट्यावरून आत. एसटीने दोन्ही करायला गेलात तर दिवस फाट्यांवरच जाईल.

आणि उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचाराच. मी विचारलं नाही. संध्याकाळी जखणगावपर्यंत चालत आलो आणि तिथं नगरकडे जाणाऱ्या कांद्याच्या टेम्पोला हात केला.