काळा करकोचा, १?

सरांनी पक्षीगणनेच्या तक्त्यात माझ्यासमोरच लिहिलं: काळा करकोचा, १. आणि पुढे प्रश्नचिन्ह. रात्रीचे दहा वाजले, तरी ते प्रश्नचिन्ह डोक्यातून जात नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर अभयारण्यातली जानेवारीची पाणपक्ष्यांची गणना. आमच्या गटाकडे चापडगावची बाजू होती. धुकं वर गेलं, ऊन माझ्या पाठीशी होतं, आणि राखी बगळ्यांच्या पलीकडे पाणकणसाच्या कडेला तो उभा. मान काळी, छातीपर्यंत काळी, आणि तिथून पोट एकदम पांढरंशुभ्र. चोच लाल, मुळापासून टोकापर्यंत. पांढऱ्या मानेच्या करकोच्याची चोच काळपट असते, टोकाशी तेवढी लाली. शिवाय त्याची ती लोकरीसारखी मान लांबूनही लपत नाही. कॅमेरेवाले सगळे तेव्हा दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या मागे होते. ते येईपर्यंत करकोचा गवतात शिरला.

"फोटो आहे का?" सरांनी विचारलं. मग म्हणाले, "पांढऱ्या मानेचा असेल ताई, इकडे तोच दिसतो."

मला लागलं ते हेच. त्याच तक्त्यात वारकऱ्यांचा, म्हणजे थव्याने पाण्यावर बसणाऱ्या त्या काळ्या पाणपक्ष्यांचा, आकडा मीच दिला होता. शंभरांचा एक घोळका नजरेने मापायचा आणि तसे घोळके पाण्यावर किती बसतात ते बघायचं. हजारांत गेलेला तो अंदाज सरांनी मुकाट लिहून घेतला. आणि जो एकच पक्षी मी नीट, डोळे भरून पाहिला, त्याच्यापुढे शंका! माझ्या गळ्यात मोठी लेन्स असती तर? अप्पा बरोबर असते तर... जाऊ दे.

जेवताना आईशीही धड बोलले नाही. सगळा हिवाळा वाट पाहायची आणि शेवटी आपलं पाहणं मोजायचंच नाही?

पण आता जरा शांतपणे वाटतंय, वारकऱ्यांच्या अंदाजात शे-दोनशे चुकले तरी चित्र फारसं बदलत नाही. काळ्या करकोच्याच्या एका आकड्याने मात्र "इथे तो येतो" असं कायमचं लिहिलं जातं. १९८७ पासून आशियाभर ही गणना चालू आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे गाळाने उथळ झालेलं पाणी पुढे कसं बदललं, हे कुणी शोधायला बसलं तर त्याच्या हातात आमचे तक्तेच असणार. आणि सरांनी ती ओळ गाळली नाही, हेही खरं.

म्हणून वही काढून वर्णन लिहायला बसले. वेळ, अंतर, उजेडाची दिशा, चोच, मान, पोट. पायांपाशी थांबले. ते लाल असायला हवेत हे मला माहीत आहे, पण पाणकणसात होते, मला दिसले नाहीत. तसंच लिहिलं. सकाळी सरांना पाठवते.