फाटकालगतचे पेंटगुळ

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या फाटकालगत पेंटगुळाची एक लांबलचक रांग आहे. रोपवाटिकांत त्याला एक्झोरा म्हणतात आणि केरळात तेच्ची. हे झुडूप मूळचे दक्षिण भारत व श्रीलंकेतील असून जांभ्याची आम्लधर्मी माती त्याला मानवते, म्हणून कोकणात ते फारशी देखभाल न करताही वाढते. आमच्याकडे मात्र चुनखडीयुक्त काळ्या मातीत आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर त्याची पाने, शिरा तेवढ्या हिरव्या राहून, पिवळी पडली. कारण अशा मातीत लोह असले तरी मुळांना ते नीट शोषता येत नाही. शेणखत घातल्यावर आणि चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातल्या, लोहाच्या दोन फवारण्या केल्यावर नवी पालवी हिरवीगार आली, तरीही फुले येईनात.

दोष मातीचा नव्हता, कात्रीचा होता. पेंटगुळाचे गुच्छ फांदीच्या शेंड्यावर येतात आणि आमच्याकडे दर पंधरवड्याला ते शेंडेच भिंतीसारखे सरळ छाटले जात. सदाहरित झुडूप असल्याने रांग बाराही महिने हिरवी दिसे, त्यामुळे काही चुकते आहे अशी शंकाही कोणाला आली नाही. (बैठकीत तर या नीटनेटकेपणाचे कौतुकच होत असे.)

हे नुकसान केवळ शोभेचे नाही. चार पाकळ्यांच्या या फुलाची नळी इतकी लांब आणि अरुंद असते की तळाच्या मधापर्यंत मधमाशीची जीभ सहसा पोहोचत नाही. ते काम फुलपाखराच्या सोंडेचे. त्यातही फुलाची योजना पाहण्यासारखी आहे: कळी उमलण्यापूर्वीच परागकोश फुटून पराग कुक्षीवृंतावर, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांड्यावर, चिकटतात, फुलपाखरू मध पिताना ते घेऊन जाते आणि त्यानंतरच त्या दांड्याच्या शेंड्यावरील कुक्षीची दोन टोके विलग होऊन दुसऱ्या फुलाचे पराग स्वीकारण्यास सज्ज होतात.

माळीकाकांशी बोलून, आता सुकलेले गुच्छ तेवढे काढायचे आणि मोठी छाटणी बहर ओसरल्यावरच करायची, असे ठरवले आहे. रांग थोडी अस्ताव्यस्त दिसते आणि त्याबद्दल एक लेखी तक्रारही आली. मात्र श्रावणातल्या एका उघडिपीत, महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉन त्या लाल गुच्छांवर पंख फडफडवत बराच वेळ मध पीत होते, आणि तक्रार करणारे गृहस्थ शेजारी उभे राहून मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करत होते.