फक्त आवाज ऐकायचा होता

न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाऊनहून मिलफर्ड साउंडला, म्हणजे उंच कड्यांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याला, जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हणजे पावणेसहाशे किलोमीटरचा पल्ला. टूर मॅनेजर उगाच घाई करते असं लोकांना वाटतं, पण घड्याळ ड्रायव्हरचं असतं. न्यूझीलंडच्या नियमानुसार त्याला दिवसाला 13 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि साडेपाच तासांनंतर अर्धा तास थांबावंच लागतं. वाटेतल्या ‘ते अनाऊ’ गावात स्वच्छतागृहापाशी वीस मिनिटं जास्त गेली की पुढची बोट हातची जाते. आणि ती वीस मिनिटं आपली माणसं फोटोत घालवतातच, कितीही विनवा.

डिसेंबरातल्या त्या दिवशी पाऊस कोसळत होता. बसमध्ये कुरकुर सुरू झाली, ‘पैसे पाण्यात गेले.’ मी माइकवर सांगत होते की मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस असला तरच कडे जागे होतात. बारमाही मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. बाकीचे शेकडो पावसाबरोबर येतात, पावसाबरोबर जातात. होमरचा सव्वा किलोमीटरचा बोगदा संपला आणि समोरचा अख्खा डोंगर पांढऱ्या धारांनी भरलेला दिसला. मग कुरकुर थांबली.

पहिल्या सीटवर देवरुखकडचे एक काका होते. वय 81, नजर जवळजवळ गेलेली. मुलाने फॉर्मवर लिहिलं होतं : ‘बाबांना निसरड्या जागी, डेकवर नेऊ नये.’ बोटीत काकांनी माझा हात धरला.

“मला बाहेर ने गं. बघायचं नाहीये, ऐकायचंय.”

“काका, फार निसरडं आहे.”

“आमच्याकडे मार्लेश्वरला पाणी पडतं, मग त्याची नदी होते, कुठल्या कुठे फिरून खाडीला मिळते. इथे म्हणे थेट समुद्रात पडतं. त्याचा आवाज वेगळा असेल ना?”

मुलाला विचारावं तर ते अनाऊ सोडल्यापासून रेंज नव्हती. मी नाही म्हटलं. काकांनी पुन्हा विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर कप्तानाने बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, स्टर्लिंगच्या अगदी खाली नेली. 151 मीटरवरून येणारं पाणी खाली पोचेपर्यंत पाणी राहतच नाही, त्याचा वारा होतो. ग्रुप नाळेवर ओरडत होता, आणि त्यांना मोजायला, आवरायला मला बाहेर असणं भागच होतं. मागे वळून पाहिलं तर काका बंद काचेला कान लावून बसले होते. आतमध्ये इंजिनाची घरघर आणि चहाच्या कपांचा खणखणाट. त्यातून त्यांना काय ऐकू आलं असेल?

मागच्या डेकवर छप्पर होतं. दोन्ही बाजूंनी कठडा होता. बोटीवरच्या एखाद्या पोराला ‘जरा यांना धरतोस का’ एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. मी विचारलंच नाही. बारा वर्षांत माझ्या ग्रुपमधलं कुणी पडलं नाही याचा मला अभिमान आहे, आणि त्या दिवशी मी तोच जपला, काकांना नाही.

मी आत आले तेव्हा जॅकेटमधून पाणी गळत होतं. काकांनी चाचपडत माझी बाही धरली, दोन बोटं ओली केली आणि जिभेला लावली.

“गोडं आहे,” ते म्हणाले. “समुद्रात पडतं तरी?”

मी सांगितलं, इथे पाऊस इतका की खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगतो. जंगलातल्या पालापाचोळ्यातून झिरपत येतं म्हणून त्याला चहासारखा रंग असतो. ते मान हलवत ऐकत राहिले. बसमध्ये बसल्यावर हळूच विचारलं, “आणि आवाज?”

मला सांगता आलं नाही. मी माणसं मोजत होते.

ते अनाऊला रेंज आली आणि मुलाचा मेसेज दिसला : ‘बाबांना बाहेर नेलं नाहीत ना?’ मी ‘नाही’ असं उत्तर पाठवलं. काका डोळे मिटून बसले होते. झोपले होते की काय, कोण जाणे.