सी०००३ कुठे गेली?

पाडवा हा आमच्या धंद्याचा दिवस. ठाण्याच्या नौपाड्यात आमची एडिटिंगची खोली आहे. लोक स्टुडिओ म्हणतात, पण दहा बाय बाराच्या जागेला मी तरी म्हणत नाही. त्या वर्षी एका मंडळाला स्वागतयात्रेची चार मिनिटांची फिल्म रात्री नऊपर्यंत हवी होती. दोन कॅमेरे लावले होते. एक कौपिनेश्वराच्या देवळापाशी पालखीबरोबर, दुसरा तलावपाळीवर.

पालखीचं कार्ड साडेनऊला आलं, ६३ क्लिप. कॉपी करून प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बिन, म्हणजे क्लिपांचा कप्पा, केला आणि वहीत क्लिपवार नोंदी करत बसले. सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याचा रकाना असतो, मार्कर असतात, सगळं ठाऊक आहे, तरी माझा हात वहीकडेच जातो. ‘सी००१७: बुलेटवर नऊवारी, मागे लहान मुलगी, ००:१२ ते ००:२१ घ्यावा, आवाज नको, भोंगा आहे.’ नुसतं ‘बुलेट, वाइड’, म्हणजे लांबून घेतलेला शॉट, एवढं लिहून भागत नाही. त्या दिवशी बुलेटच्या वाइड डझनावारी असतात आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतं ते ‘ती मागे मुलगी बसलेली बाई’.

मधेच कॅमेरामनने दारातून डोकं घातलं. तो डोंबिवलीचा. स्वागतयात्रा १९९९ साली ‘आमच्या डोंबिवलीत’ सुरू झाली, हे तो ठाण्यात पाऊल टाकल्यापासून ऐकवत असतो. “ताई, कॉपी झाली ना? एका वास्तुशांतीला जायचंय, कार्ड न्यायला लागेल.”

“झाली. घेऊन जा.”

दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड हातचं सोडायचं नाही, असा कागद मीच भिंतीला चिकटवलाय. पण ती डिस्क भरली होती. रिकामी करू दुपारी, म्हटलं.

प्रोजेक्ट बंद केलं आणि श्रीखंड-पुरीला घरी गेले. तेवढ्यात तलावपाळीचं कार्ड आलं, ७१ क्लिप. नव्या असिस्टंटने ती पालखीच्याच फोल्डरमध्ये ओढली. आमचे दोन्ही कॅमेरे कार्ड फॉरमॅट केलं की सी०००१ पासून मोजायला लागतात. या नावाच्या फाइली आधीच आहेत, बदलू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. पोराने ‘रिप्लेस’ दाबलं.

परत आल्यावर सी००१७ उघडली, तर बुलेटऐवजी लेझीम. वाटलं, सकाळी झोपेत लिहिलं असेल. सी००१८ उघडली, तिथेही लेझीम. फाइल सापडली नाही की प्रीमिअर लाल पडदा दाखवतं, पण इथे नावं तीच असल्यामुळे त्याला काहीच खटकलं नव्हतं. फोल्डर मोजलं: ७१. असायला हवे होते १३४.

कॅमेरामनला फोन लावला. “कार्ड फॉरमॅट केलंस?”

“केलं. अठरा मिनिटं शूटही झालंय. का हो?”

“कॅमेरा बंद कर. आत्ता.”

४के, १०० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, अठरा मिनिटं म्हणजे साधारण साडेतेरा जीबी. ६४ जीबीच्या कार्डातला तेवढा भाग गेला, हे धरून चालायचं. फॉरमॅटने सहसा फक्त फाइलींची यादी पुसली जाते; खालचा डेटा, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तसाच राहतो. म्हणून तर कॅमेरा बंद करायला सांगितलं. तो लोकलने कार्ड घेऊन आला, एकदाही १९९९ न काढता. असिस्टंट कोपऱ्यात रडकुंडीला आला होता. त्याला चहा आणायला पाठवलं. “झाली, घेऊन जा” हे काही तो म्हणाला नव्हता.

रिकव्हरीला अडीच तास लागले. ४९ क्लिप आल्या, सगळ्या नाव नसलेल्या. वही पुढ्यात ठेवून एकेक ओळखत पुन्हा नावं दिली. बुलेटवरची बाई सापडली, मागच्या मुलीसकट. गेल्या त्या बहुतेक सुरुवातीच्या. फिल्म दहा वाजता गेली, सुरुवात तलावपाळीने केली. मंडळाला काही कळलं नाही.

वहीतली ती ओळ मात्र मी अजून खोडलेली नाही: ‘सी०००३: पालखी देवळाच्या दारात, ढोल थांबतो, दोन सेकंद काहीच नाही, मग घंटा. इथून सुरू करायचं.’