मांडवावरची गार्गानेगा

मे महिन्यात ताई-भावोजी इटलीतल्या वेरोनाहून आले तेव्हा भावोजींनी व्हाईट वाईनची एक बाटली आणली, लेबलवर सोआवे क्लासिको. मला वाटलं सोआवे हे द्राक्षाचं नाव असेल, तर ते वेरोनाच्या पूर्वेचं गाव आहे आणि द्राक्षाचं नाव गार्गानेगा, बोलताना दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा. नियमाने निदान 70 टक्के गार्गानेगा लागतेच, बाकी त्रेबियानो दी सोआवे किंवा शार्दोने चालते.

फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायले तर नुसतं गार आणि आंबट, वास काहीच नाही. मग ग्लास ओट्यावर ठेवून कोळंबी तळायला घेतली, ठाण्यातला उकाडा, पाच मिनिटांत ग्लासाला बाहेरून घाम. पुढच्या घोटाला पांढऱ्या फुलांचा वास आला, पिकत आलेल्या पेअरचा, थोडा लिंबाच्या सालीचा. आणि गिळून झाल्यावर मागे जिभेवर एक बारीक कडवटपणा राहिला, अगदी भिजवलेल्या बदामाची साल चुकून चावली जाते ना, तस्सा. मी तिथेच प्रेमात पडले. तळलेल्या कोळंबीबरोबर तो कडवटपणा फार छान लागतो, तिखट रश्श्याबरोबर मात्र नको, चव पार दबून जाते.

मग रात्री वाचत बसले आणि तिकडच्या बागांचा फोटो बघून लगेच निफाडच्या मामाला पाठवला, कारण वेली डोक्यावरून पसरलेल्या, घड खाली लोंबतायत. मामाचा फोन आलाच, "अगं हा तर आपला मांडवच की!" तिकडे त्याला पेर्गोला म्हणतात, आणि सोआवेच्या या पारंपरिक बागांना 2018 मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, जागतिक कृषी वारशाच्या यादीत घेतलंय. मामाने पहिलं विचारलं, छाटणी कधी? मी सांगितलं एकदाच, थंडीत, वेल झोपलेली असताना. आपल्याकडे वेल तशी झोपतच नाही म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, पीक मात्र एकच.

गार्गानेगाची वेल जोमाची, घड भरपूर धरते आणि पिकतेही उशिरा. 1968 मध्ये सोआवेला डीओसी मिळाली, म्हणजे ठरलेल्या भागातली, ठरलेल्या नियमांनी केलेली वाईन असा अधिकृत दर्जा, त्यात सपाटीची पुष्कळ जमीनही आली, तिथे भरमसाट माल काढला गेला, वाईन पाणचट झाली आणि नाव खराब झालं. मामा लगेच म्हणाला, घड जास्त ठेवले की गोडी उतरत नाही, द्राक्ष कुठलंही असू दे. क्लासिको म्हणजे सोआवे आणि मोंतेफोर्तेच्या जुन्या टेकड्यांवरची, तिथे बऱ्याच ठिकाणी काळा बसाल्ट आहे, आपल्या पारसिकच्या डोंगरासारखाच ज्वालामुखीचा दगड, हे वाचून मला उगाच फार आनंद झाला.

पण मामा खरा अडकला तो रेचोतोवर. हीच द्राक्षं तोडून काही महिने हवेशीर माळ्यावर सुकवतात आणि मग त्यांची गोड वाईन करतात. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर माल पसरतात ते आठवा, फक्त इथे पुरता बेदाणा होऊ देत नाहीत. नाव आलंय तिथल्या बोलीतल्या 'रेचे'वरून, म्हणजे कान, घडाच्या वरच्या बाजूला फुटलेले दोन छोटे घोस. ऊन तिथे जास्त लागतं म्हणून गोडीही तिथेच जास्त.

सप्टेंबरमध्ये भावोजी परत जातायत, तेव्हा तोडणी सुरू असेल. मामाने सांगून ठेवलंय, बाटली नको, कान असलेल्या घडाचा जवळून काढलेला फोटो पाठवायला सांग.